तलंगेचे पहिले अंडे आणि कवच नसलेले अंडे

आपल्या सहा गावठी तलंगांपैकी (तलंग म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी) एकीने मागच्या आठवड्यात लिंबाएवढे अंडे घातले, चार दिवसांनी खुराड्यात कवचच नसलेले अंडे सापडले आणि साडेसहा महिन्यांच्या होऊनही बाकीच्या पाच जणी अजून गप्पच आहेत, तेव्हा हा काही रोग आहे का, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून तरी मला हा रोग वाटत नाही, आणि निदान तीन आठवडे टॉनिकच्या बाटलीवर खर्च करू नये, असे माझे मत आहे.

आधी वयाचे पाहू. अठरा-वीस आठवड्यांत अंडी सुरू होतात ती व्यावसायिक लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांची. वनराजसारखी सुधारित जात सुमारे सहा महिन्यांनी अंड्यावर येते आणि गावठी तलंग सहा-सात महिने, कधी त्याहून जास्त घेते. त्यात सध्या डिसेंबर आहे, आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, आणि उजेड कमी असला की कोंबडीचे अंडे लांबते. बल्ब लावायचाच असेल तर तो पहाटे लावावा, कारण संध्याकाळी तो एकदम बंद केला की कोंबड्या रात्री बसायच्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात अडकतात.

कोणती तलंग जवळ आली आहे हे हाताने कळते. पाठीवर हात ठेवताच ती पंख किंचित पसरून खाली दबून बसते, तुरा फिक्या रंगावरून लालभडक होतो, आणि गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये आधी एक बोट मुश्किलीने मावत होते, तिथे दोन-तीन बोटे सहज मावतात. ज्यांच्यात यातले काहीच दिसत नाही, त्यांना वेळ द्यावा.

आता कवच नसलेल्या अंड्याविषयी. बलक सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला लागतात. नव्या तलंगेच्या शरीरात या कामाची वेळ अजून बसलेली नसते. कधी अंडे कवच चढण्याआधीच बाहेर पडते, कधी दोन बलक एकदम सुटून जुळे अंडे होते, तर कधी बलकाविना नुसते पांढरे येते. ते मऊ अंडे तळहातावर घेतले की पाणी भरलेल्या फुग्यासारखे डुलते, आणि माणूस उगाच घाबरतो. पहिल्या अंड्यावरची रक्ताची बारीक रेघही, ती एक-दोनदाच दिसली तर, चिंतेची नाही. मात्र महिना उलटूनही अंडी मऊच येत राहिली, तर चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, कमतरता समजावी. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या वाडग्यात ठेवावीत, खाद्यात मिसळू नयेत. जिला गरज असते ती स्वतः जाऊन टिपते, आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडावर जास्तीच्या चुन्याचा भार पडत नाही. लेयरचे खाद्यही याच कारणासाठी पहिले अंडे दिसल्यावरच सुरू करावे. मऊ अंडे खुराड्यात फुटले तर ओले झालेले गवत लगेच बाहेर काढावे. कोंबडीला एकदा अंड्याची चव लागली की ती सवय मोडणे फार कठीण जाते.

बाकीच्या पाच जणी खरोखरच अंडी घालत नाहीत, हेही एकदा तपासावे. माझी एक तलंग अंडी घालत नाही म्हणून मी पंधरा दिवस तिचे खाद्य बदलत बसलो होतो, आणि शेवटी सरपणाच्या ढिगाआड तिची अकरा अंडी सापडली. आता मी सकाळी दहा-अकरापर्यंत कोंबड्यांना खुराड्याबाहेर सोडतच नाही, कारण बहुतेक अंडी तोवर घालून होतात. लपवलेली अंडी सापडलीच तर पाण्यात टाकून पाहावीत. तळाशी आडवे पडलेले ताजे, वर तरंगणारे जुने.

एका गोष्टीत मात्र थांबू नये. एखादी तलंग पिसे फुलवून, शेपटी खाली टाकून कळा देत बसली असेल, तर अंडे अडकले असण्याची शक्यता असते. तिला पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवावे, अंधाऱ्या जागी शांत ठेवावे, आणि काही तासांत अंडे आले नाही तर पशुवैद्यकाकडे न्यावे. बाहेरून पोट दाबू नये, आत अंडे फुटले तर जीव जातो.

सहा कोंबड्यांना फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी पुरतात. ती आडोशाला, दांडीपेक्षा खाली ठेवून त्यांत पेंढा घालावा. जागा कळावी म्हणून प्रत्येकात एक जुने अंडे राहू द्यावे, पण त्यावर पेन्सिलीने फुली मारून ठेवावी. आमच्याकडे असे जुने अंडे दोनदा कढईवर फुटले आहे.