बांध ढासळतोय, वाळा चालेल का?

प्रश्न: शेत उतारावर आहे, दर पावसाळ्यात बांध ढासळतो न माती ओढ्यात जाते. दगडी पिचिंगचा (बांधाच्या उतारावर दगड बसवायचा) खर्च झेपत नाही, झाडं लावून भागेल का? – एक वाचक, संगमेश्वर

उत्तर: दादा, झाडांआधी वाळा लावा, ज्याची मुळं माठात टाकतो तेच गवत. मुळं आडवी फार पसरत नाहीत, सरळ खाली जातात, 3 मीटरपर्यंतसुद्धा, त्यामुळे पिकाला त्रास कमी. पाऊस लागला की उताराला आडवी, एका लेव्हलला ओळ धरायची, फुटवे 10-15 सेंमीवर, लांब लावलेत तर मधल्या फटीतून पाणी घुसणार न मेहनत वाया. मेलेले फुटवे लगेच बदला, सावलीत लावू नका. आणि मुळं विकायला उपटायची नाहीत हं, माती परत मोकळी होते! बांध पारच सुटला असेल तर पायथ्याला थोडे दगड लागतीलच.