पुढच्या मॅक स्टुडिओसाठी थांबू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी इंदिरानगरला राहतो, लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतो. कॅमेरा सोनी ए७ फोर, पीसीत आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, तरी दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन नुसती अडकते. अ‍ॅपलचा मॅक स्टुडिओ डेस्कटॉप घ्यायचाय पण मित्र म्हणतात नवीन चिपवाला येईल थांब, त्यात २०२७ ला सिंहस्थाची कामं पण मिळतील, तर घेऊ का थांबू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अंदाजच बांधायचा तर आधी मागचं बघू. पहिला मॅक स्टुडिओ मार्च २०२२ ला आला, दुसरा जून २०२३ ला, तिसरा मार्च २०२५ ला. आधी सव्वा वर्ष, मग पावणेदोन, म्हणजे ठरलेलं असं काही नाहीच. शिवाय तिसऱ्या वेळी लोक एम४ अल्ट्राची (अल्ट्रा म्हणजे मॅक्सच्या वरची चिप) वाट बघत बसले आणि आले एम४ मॅक्स आणि त्याच्यावर चक्क आधीच्या पिढीतला एम३ अल्ट्रा! प्रत्येक पिढीत अल्ट्रा येईलच असं नाही, हे अ‍ॅपलनेच तेव्हा सांगितलं. एम५ चिप ऑक्टोबर २०२५ ला मॅकबुक प्रोमध्ये आली, त्यामुळे पुढच्या स्टुडिओत एम५ मॅक्स असणार असं मलाही वाटतं, अल्ट्राचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही.

पण तुमचं घोडं अडलंय वेगळ्याच ठिकाणी. ए७ फोरवर तुम्ही १०-बिट ४:२:२ मध्ये (म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) शूट करत असणार, आणि ते फुटेज ३०६० ला हार्डवेअरवर डिकोड करताच येत नाही (म्हणजे कार्डाला ते स्वतः उलगडता येत नाही), सगळा लोड प्रोसेसरवर जातो. एनव्हिडियाने ही सोय थेट ५० सिरीजच्या कार्डांमध्ये दिली, अ‍ॅपलच्या चिपमध्ये ती एम१ पासून आहे. म्हणून तुमच्या कामाला एम४ मॅक्स पण भरपूर झाला, नवीन चिपने एक्स्पोर्ट लवकर होईल पण अडकणं तर याच्यातच थांबतंय.

घेताना पैसे मेमरीत (रॅममध्ये) घाला. ३६ जीबीवर भागेल, पण फ्यूजन (रिझॉल्व्हमधला इफेक्ट्सचा भाग) आणि नॉइज रिडक्शन वापरत असाल तर ६४ च घ्या कारण ती नंतर वाढवता येत नाही. स्टोरेज कमी घेतलं तरी चालेल, बाहेरून फास्ट एसएसडी लावता येते.

आणि सिंहस्थाचं म्हणाल तर पहिलं अमृतस्नान ऑगस्ट २०२७ ला आहे, त्याआधी एक अख्खी लग्नसराई तरी नवीन मशीनवर काढलेली असावी, ऐन गर्दीच्या कामात नवीन सिस्टीम शिकत बसणं परवडत नाही, म्हणून मी तर म्हणेन घेऊन टाका. तोवर रिझॉल्व्हमध्ये प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून एडिट करा, सध्याच्या पीसीवरही टाइमलाइन बरीच मोकळी चालेल.