त्रास नाही, मग नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) कशाला?

प्रश्न : वय ५८, जुना मधुमेह. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.६ आलं. लघवीची काही तक्रार नाही, गुडघ्यांसाठी अधूनमधून वेदनाशामक गोळी घेतो. डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्टकडे जा म्हणतात. डायलिसिस लावतील का?

उत्तर : अहो, इतक्यात डायलिसिस कुठला! पण त्रास नाही यावर विसंबू नका; मूत्रपिंडं बरीच खराब होईपर्यंत कुरकुरतसुद्धा नाहीत. नेफ्रॉलॉजिस्ट औषधं, रक्तदाब, साखर, आहार सांभाळून ऱ्हास लांबवतात. (मुतखड्याची शस्त्रक्रिया करतात ते यूरॉलॉजिस्ट. ही गल्लत रोजचीच.) जाताना जुने रिपोर्ट न्या, कारण क्रिएटिनिन किती वेगानं वाढलं तेच ते आधी पाहतील. लघवीतल्या अल्ब्युमिनची (एका प्रथिनाची) तपासणीही करून घ्या. ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज) ३०च्या खाली असेल किंवा लघवीतून प्रथिनं खूप जात असतील, तर उशीर नकोच. आणि ती गुडघ्याची गोळी? त्यांना विचारल्याशिवाय आता घेऊ नका.