शाळेच्या प्रथमोपचार पथकाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: शाळेच्या प्रथमोपचार कॅडेट पथकाचा इतिहास लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. पथक नक्की कधी सुरू झालं यावर माजी विद्यार्थ्यांचं एकमत नाही. हाताशी तारखा नसलेले फोटो, एक फाटकी नोंदवही आणि कपाटभर करंडक आहेत. शिवाय शाळांत ही पथकं मुळात आली कुठून, हेही तुम्हाला हवंय.

करंडक तूर्त कपाटातच राहू द्या. मी बरीच वर्षं अशा पथकांना प्रथमोपचार शिकवतोय आणि त्या निमित्ताने जुन्या वह्या-रजिस्टरं पुष्कळ चाळली आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पथकाचा काळ ओळखायचा असेल तर मुलांना त्या वेळी काय शिकवत होते ते बघा. लोकांना सालं आठवत नाहीत, आठवली तरी चुकीची आठवतात. पण वैद्यकशास्त्राने पद्धती बदलल्या त्याची सालं पक्की आहेत, आणि वहीतली पद्धत सापडली की काळ आपोआप हाती येतो.

आधी मूळ कुठलं ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

रेडक्रॉसची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: 1859 ची इटलीतली सोल्फेरिनोची लढाई, तिथल्या जखमींचे हाल पाहून पुढाकार घेणारे आंरी द्यूनां, 1863 मध्ये जिनिव्हात स्थापन झालेली समिती. पण तो सगळा विचार रणांगणावरच्या जखमींचा होता. रस्त्यावरच्या, कारखान्यातल्या साध्या माणसाला पट्टी बांधायला शिकवावं ही कल्पना त्यानंतरची. इंग्लंडमध्ये 1877 साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली आणि पुढच्याच वर्षी वुलिच इथे नागरिकांसाठी वर्ग सुरू झाले. वुलिच म्हणजे लष्करी छावणी आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने. हे वर्ग चालवणारे सर्जन-मेजर पीटर शेफर्ड लष्करातले डॉक्टर होते. वर्षभरातच, जानेवारी 1879 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू युद्धात इसांडलवानाच्या लढाईत ते मारले गेले. त्यांच्या टिपणांवर पुढचा हात जेम्स कँटली यांनी फिरवला आणि त्याची पुस्तिका झाली. खाणकामगार, रेल्वेचे लोक आणि पोलीस हे या वर्गांचे सुरुवातीचे विद्यार्थी. जिथे डॉक्टर येईपर्यंत माणूस जायचा, तिथूनच मागणी आली.

1887 मध्ये त्यातूनच गणवेशधारी स्वयंसेवकांची ब्रिगेड उभी राहिली, आणि 1922 मध्ये याच ब्रिगेडने मुलांसाठी कॅडेट शाखा सुरू केली. तेव्हा तुमच्या पथकाचं नातं सेंट जॉनशी असेल आणि कुणी छातीठोकपणे 'आमचे कॅडेट 1910 पासून आहेत' म्हणत असेल, तर कागद मागा. तोपर्यंत कॅडेट ही शाखाच नव्हती. मुलांना वर्गात प्रथमोपचार शिकवला जात असेल, ती गोष्ट वेगळी.

दुसरा उगम ज्युनिअर रेडक्रॉस. पहिल्या महायुद्धात कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली शाळकरी मुलं जखमी सैनिकांसाठी पट्ट्या गुंडाळत, मोजे विणत, खोकी भरत होती. अमेरिकेत 1917 साली ज्युनिअर रेडक्रॉस रीतसर सुरू झाली. युद्ध संपल्यावर या मुलांचं करायचं काय, हा प्रश्न आला, तेव्हा आरोग्य, सेवा आणि परदेशातल्या मुलांशी मैत्री या गोष्टी पुढे केल्या गेल्या. प्रथमोपचार हा त्यातला एक भाग, सगळं काही नव्हे. म्हणून ज्युनिअर रेडक्रॉसच्या जुन्या अहवालात परदेशी शाळांना पाठवलेल्या चित्रवह्या पानभर असतात आणि बँडेजचा उल्लेख दोन ओळींत उरकलेला असतो. तसं दिसलं तर 'मग हे प्रथमोपचार पथकच नव्हतं' असा निष्कर्ष घाईने काढू नका. तिसरा उगम स्काउट-गाइडचा, तिथेही प्रथमोपचाराचा बिल्ला होता. बऱ्याच शाळांत एकच शिक्षक तिन्ही बघायचा, त्यामुळे दप्तरात सरमिसळ सापडणारच.

फोटोत कोणता उगम आहे हे बिल्ल्यावरून कळतं. सेंट जॉनचा क्रॉस पांढरा आणि आठ टोकांचा असतो, जुन्या गणवेशात बहुधा काळ्या कापडावर. दंडावर पांढऱ्या पट्टीत साधा लाल क्रॉस असेल तर रेडक्रॉसचा संबंध शक्य आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. जिनिव्हा करारांनी ते चिन्ह संरक्षित आहे, तरी शाळांनी ते घरच्या घरी शिवून सर्रास वापरलंय. मुलगे आणि मुली वेगवेगळ्या फोटोत दिसत असतील तर त्यालाही अर्थ आहे. सेंट जॉनमध्ये मुलग्यांचे 'अँब्युलन्स कॅडेट' आणि मुलींचे 'नर्सिंग कॅडेट' असे वेगळे गट असायचे. एकत्र फोटो आला की पथकाच्या रचनेत काहीतरी बदललं, ते कधी बदललं हे विचारायला हवं.

आता वहीकडे या. सरळ कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं पान शोधा. सगळ्यात बोलकं पान तेच.

रुग्णाला उताणं झोपवून त्याचे हात डोक्यामागे ताणायचे आणि मग छातीवर आणून दाबायचे, असं लिहिलं असेल तर ती सिल्व्हेस्टरची पद्धत, 1858 ची. पालथं झोपवून खालच्या बरगड्यांवर मागून दाब देत राहायचं, ही शेफर यांची पद्धत, 1903 ची. पालथंच, पण पाठीवर दाब आणि मग कोपरं धरून हात वर उचलणं, असा दोन टप्प्यांचा झोका असेल तर होल्गर नील्सन, डेन्मार्क, 1932. तोंडाने तोंडात श्वास देणं 1950 च्या दशकाच्या अखेरीस पीटर सफार आणि जेम्स एलाम यांच्या कामामुळे पुढे आलं. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचा शोधनिबंध 1960 सालचा, जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा. रबरी बाहुलीवर सरावाचा उल्लेख दिसला तर तोही 1960 नंतरचाच, कारण लार्दाल यांची 'अ‍ॅन' त्याच वर्षी आली. पुढे सीपीआरचे, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास आळीपाळीने देण्याचे, आकडेही काळ सांगतात. 15 दाब आणि 2 श्वास असेल तर बहुधा जुनं. 30 आणि 2 हे प्रमाण 2005 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर सगळीकडे रुळलं.

मात्र हे लक्षात असू द्या की पद्धत सापडली म्हणजे नोंद त्या सालानंतरची आहे, एवढंच सिद्ध होतं. किती नंतरची, ते नाही. शाळेत जुनं लवकर मरत नाही. ज्या शिक्षकाने होल्गर नील्सन शिकून प्रमाणपत्र घेतलं, तो साठच्या दशकातही तेच शिकवत राहिलेला असू शकतो, आणि त्याच्या विद्यार्थ्याने नोकरीला लागून परत शाळेत येऊन पुढच्या पिढीला तेच दाखवलेलं असू शकतं. म्हणून एका पानावर भिस्त ठेवू नका. टूर्निकेचं, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायच्या पट्ट्याचं, पान बघा: आधी बिनधास्त आवळा, मग जपून, मग जवळजवळ बंद, आणि अलीकडच्या युद्धांतल्या अनुभवानंतर जीवघेण्या रक्तस्रावासाठी पुन्हा सन्मानाने परत. शॉकच्या (विजेचा नव्हे, रक्ताभिसरण ढासळून गळाठलेल्या) रुग्णाला गरम गोड चहा द्या, असं लिहिलं असेल तर पान जुनं आहे. आता तोंडाने काही देऊ नका असंच सांगतात. सर्पदंशावर चिरा द्या आणि पोटॅशियम परमँगनेट चोळा, असं असेल तर आणखी जुनं. (हे सगळं इतिहासात लिहाल तेव्हा 'आता असं करत नाहीत' हे त्याच वाक्यात लिहा. नाहीतर कुणीतरी स्मरणिका वाचून प्रयोग करेल.)

वही नसेल, किंवा वहीतलं पान फाटलेलं असेल, तर माणसांकडे जा. पण त्यांना 'पथक कधी सुरू झालं?' असं विचारू नका. उत्तर येईल, 'आमच्या वेळी होतंच की!' त्याऐवजी म्हणा, 'पाण्यातून काढलेल्या माणसाला श्वास कसा द्यायचा ते जरा करून दाखवता?' एका पथकाच्या माजी कॅडेट बाईंना मी हे विचारलं होतं. साल त्यांना काही केल्या आठवेना, शिक्षिकेचं नाव दोनदा बदललं. मग त्या खुर्चीतून उठल्या, सतरंजीवर गुडघा टेकला, समोर कुणी पालथं पडलंय असं धरून दोन्ही तळवे पाठीवर ठेवले, कोपर न वाकवता पुढे झुकल्या, मागे येताना हात सरकवत न दिसणारी कोपरं उचलली आणि तोंडाने ताल मोजत राहिल्या. मधे थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. होल्गर नील्सन, शंकाच नाही. व्हिडिओ काढून ठेवा असले. लेखात त्याची दोन वाक्यंच होतील, पण शाळेकडे राहायला हवं.

आणखी एक जागा कुणी बघत नाही ती म्हणजे शाळेचं खर्चाचं रजिस्टर. त्रिकोणी पट्टी विकत आणायची चैन फार थोड्या शाळांना परवडायची. साधारण मीटरभर लांबी-रुंदीचा मांजरपाटाचा चौकोन कर्णावर कापला की दोन पट्ट्या होतात. त्यामुळे 'मांजरपाट, 12 मीटर' अशी नोंद प्रथमोपचाराच्या खाती दिसली, तर त्या वर्षी साधारण 24 पट्ट्या शिवल्या गेल्या, म्हणजे एकमेकांना पट्ट्या बांधत सराव करणारी वीस-पंचवीस मुलं तरी असावीत, असा अंदाज बांधता येतो. स्ट्रेचरच्या बांबूचं बिल, टिंक्चर आयोडीनची बाटली, लाकडी खपच्या, सगळं तिथे सापडतं. पैशाच्या नोंदीला तारीख असतेच, हा तिचा मोठा गुण. याच त्रिकोणी पट्टीचं श्रेय जर्मन शल्यविशारद एस्मार्क यांना देतात. मूळ कल्पना त्याआधीची, स्विस डॉक्टर मेयर यांची. पण एस्मार्कने पट्टीवरच ती कुठे कशी बांधायची याची चित्रं छापली, म्हणजे पुस्तक विसरलं तरी पट्टी स्वतःच शिकवणार. तशी छापील पट्टी शाळेच्या पेटीत सापडली तर कृपा करून धुऊ नका.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. करंडकावरचं साल खरं असतं, पण तो मिळवणारा गट म्हणजे पूर्ण पथक नव्हे. निवडक मुलं महिनाभर घासून तयार केलेली असतात. स्पर्धेच्या तयारीतला एक भाग मात्र मला फार आवडतो, तो म्हणजे खोटे जखमी. मेणाची जखम, रंगाचं रक्त आणि वेदनेचा अभिनय. ब्रिटनमध्ये तर यासाठी 1942 साली 'कॅज्युअल्टीज युनियन' नावाची संस्थाच निघाली. तुमच्या शाळेत 'जखमी' व्हायला कोण तयार असायचं ते विचारा. ज्यांना पट्टी बांधता यायची नाही तीच मुलं बहुधा उत्तम विव्हळायची, आणि त्यांच्या आठवणी पट्टी बांधणाऱ्यांपेक्षा रंगतदार असतात.

स्थापनेच्या सालावरून वाद होईलच. माझा सल्ला असा की एक साल निवडूच नका. पहिला प्रथमोपचार वर्ग कधी भरला, बाहेरच्या संस्थेकडे पथकाची नोंदणी कधी झाली आणि मुलं गणवेशात पहिल्यांदा कधी उभी राहिली, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. भांडणारे लोक बहुतेक वेळा तिघांपैकी एकेक तारीख हातात धरून भांडत असतात आणि सगळेच खरं बोलत असतात. तिन्ही छापा.

पथक सलग चाललं, असंही गृहीत धरू नका. प्रमाणपत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी 3 वर्षं असते. शिकवणाऱ्या शिक्षकाची बदली झाली आणि पुढच्या कुणी परीक्षा दिली नाही, की तीनेक वर्षांत शाळेत एकही वैध प्रमाणपत्र उरत नाही. फलक तेवढा लटकत राहतो. अशी पथकं एका माणसावर चालतात हे कुणाला लिहायला आवडत नाही, पण प्रमाणपत्रांच्या यादीतली मोकळी वर्षं तेच सांगतात. ती वर्षं 'नोंद नाही' अशीच दाखवा. उगाच 'कार्य अखंड सुरू होते' असं लिहून भरू नका.

अलीकडच्या काळासाठी एक संदर्भ हाताशी ठेवा. डेन्मार्कने 2005 मध्ये शाळेत सीपीआर शिकवणं सक्तीचं केलं, आणि 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'किड्स सेव्ह लाइव्ह्ज' या निवेदनाला पाठिंबा दिला: बाराव्या वर्षापासून प्रत्येक मुलाला वर्षाला 2 तास. सगळ्यांनाच शिकवायचं तर निवडक मुलांचं पथक कशाला, असं विचारणारे भेटतील. मला ते पटत नाही. 2 तासांत छाती दाबता येते. पण मैदानावर चक्कर आलेल्या मुलाभोवतीची गर्दी हटवणं, त्याला सावलीत नेणं, पेटी भरलेली ठेवणं आणि शिक्षकांना नेमकं काय झालं ते सांगणं, हे वर्षभर काम केल्याशिवाय येत नाही.

राहता राहिली अपघात नोंदवही. ती मिळाली तर तुमचं नशीब, कारण पथकाने रोज काय केलं ते फक्त तिथेच असतं: खरचटलेले गुडघे, घोळणा फुटणं, प्रार्थनेच्या वेळची चक्कर. वर्षवार मोजा, महिन्यावार मांडा, क्रीडास्पर्धांच्या आठवड्यात आकडा कसा उसळतो ते दाखवा. पण मुलांची नावं आणि त्यांचे आजार एकत्र छापू नका. कुणाला फिट यायची ही गोष्ट चाळीस वर्षांनीही त्याचीच आहे. पानाचा फोटो छापायचा असेल तर नावांचा रकाना झाकून छापा, आणि मूळ वही मुख्याध्यापकांच्या ताब्यात पोच घेऊन द्या.