सहा तातामींची खोली म्हणजे नेमकी केवढी?

प्रश्न : आम्ही तोक्योत राहायला चाललो आहोत. निशि-कासाईतल्या एका घराच्या नकाशात बेडरूम ‘६ ज्यो’ दाखवली आहे. म्हणजे किती चौरस फूट? शिवाय सोबत न्यायच्या सतरंज्या सेंटिमीटरमध्ये मोजल्या आहेत; त्यांचे ज्यो कसे काढायचे?

उत्तर : एक ज्यो म्हणजे एका तातामीएवढी, म्हणजे जपानी घरात जमिनीवर बसवतात त्या जाड चटईएवढी जागा. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींच्या नियमानुसार १ ज्यो किमान १.६२ चौ. मी. असावा लागतो. त्या हिशेबाने तुमची खोली निदान ९.७२ चौ. मी., म्हणजे सुमारे १०५ चौ. फूट. मात्र हे माप भिंतीच्या मध्यापासून समोरच्या भिंतीच्या मध्यापर्यंतचं असतं. त्याला कार्पेट एरिया समजून कपाट-पलंग ठरवू नका, आत जागा कमीच भरते.

सतरंजीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १६,२०० ने भागा. १२० × १८० ची सतरंजी २१,६०० चौ. सें.मी., म्हणजे १.३३ ज्यो. ६० × ९० ची बरोबर एक तृतीयांश. नेहमीची चूक १६२ ने भागण्याची : मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असले तरी चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. १६२ ने भागलंत तर त्याच सतरंजीचे १३३ ज्यो होतील. तेवढ्यात मंगल कार्यालय बसेल!

प्रश्न : ‘एदोमा ६ ज्यो’ असं लिहिलेलं २६१ × ३५२ सें.मी.चं कार्पेट घेतलं. आमची खोलीही सहा तातामींचीच, तरी ते भिंतीशी दुमडतंय. असं का?

उत्तर : तुमच्या तातामी बहुधा ‘दांचिमा’ असाव्यात. युद्धानंतरच्या गृहसंकुलांत वापरलेलं हे लहान माप : साधारण ८५ × १७० सें.मी. अशा सहा तातामींची खोली २५५ × ३४० सें.मी. भरते, म्हणून कार्पेट एकीकडे ६ आणि दुसरीकडे १२ सें.मी. जास्त होतं. तोक्योकडची एदोमा तातामी ८८ × १७६, नागोयाकडची चुक्योमा ९१ × १८२ आणि क्योतोकडची क्योमा ९५.५ × १९१ सें.मी. सहा क्योमांचे १०.९ चौ. मी. होतात, सहा दांचिमांचे जेमतेम ८.७.

या फरकाचं मूळ बांधकामात आहे. क्योतोकडे तातामीचं माप कायम ठेवून खांब तिच्याबाहेर बसवत. एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत मात्र एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असे. खांबाची जाडी तातामीतून वजा होई. म्हणून अंथरायच्या वस्तूसाठी ज्यो विचारूच नका. टेप घेऊन खोलीच्या दोन्ही बाजू मोजा. कोपऱ्यात खांब पुढे आला असेल, तर तोही.

प्रश्न : एक त्सुबो म्हणजे दोन ज्यो, हे खरं का?

उत्तर : ढोबळमानाने. त्सुबो ३.३०६ चौ. मी.चा, त्याचा निम्मा १.६५, जाहिरातीतला ज्यो १.६२ चा. एका खोलीपुरतं चालेल. ३० त्सुबोंच्या घराला ६० ज्यो म्हणाल, तर सुमारे २ चौ. मी.चा फरक पडेल.