पाकीट घरी ठेवण्याआधी

आधी डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागदपत्रं फोनमध्ये ठेवायचं अ‍ॅप उघडा, पण ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो त्यात अपलोड करून थांबू नका. ‘इश्यूड’ विभागात लायसन्स नंबर टाकून ते थेट मागवा. मूळ कागदाइतकं ग्राह्य तेच असतं, गॅलरीतला फोटो नाही. आधार आणि लायसन्सवरच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर कागद येतच नाही, तेव्हा ते आधी दुरुस्त करून घ्या.

लोकलचं मोबाइल तिकीट टीसीला अ‍ॅपमध्येच दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही. दादरच्या पुलावर बॅटरी मेली तर तुम्ही विनातिकीटच! म्हणून पॉवरबँक हवीच. वडापाव-चहासाठी यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमांसाठीची यूपीआयची सोय चालू करा, पिन लागत नाही. आणि फोनच्या कव्हरमागे शंभराच्या दोन नोटा, हे मात्र अगदी मनापासून सांगतो.