कडेतला स्क्रू सैल का होतो?

प्रश्न : आमच्या पार्टिकल बोर्डच्या कपाटात बिजागरीचे स्क्रू घट्ट आहेत, परंतु फळीच्या कडेत बसवलेले हलू लागले आहेत. सांध्याची ताकद मोजता येते का?

उत्तर : येते. युरोपीय मानक ईएन 320 नुसार बोर्डच्या 75 मिमी चौरस तुकड्यात आधी बारीक भोक पाडून स्क्रू बसवतात आणि यंत्राने तो एकसारख्या वेगाने सरळ ओढून, उपटून येईपर्यंत लागलेले सर्वाधिक बल न्यूटनमध्ये नोंदवतात. हीच चाचणी कडेत केली की आकडा घसरतो, कारण लाकडाचे कपचे गोंदासह दाबून बनवलेल्या या बोर्डचे पृष्ठभाग दाट, तर गाभा विरळ असतो. कापलेली कड निरखून पाहिल्यास मधले जाडसर कपचे आणि त्यांमधल्या पोकळ्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. मात्र एवढ्यावरच निकाल देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कपाट ढकलताना कोपऱ्यावर वाकवणारा ताण येतो, म्हणून एल आकाराचा पूर्ण सांधा तयार करून तोही तपासावा लागतो. आपले स्क्रू पुन्हा आवळू नका, कारण आटे आतल्या कपच्यांचा भुसाच करतील. त्या भोकात लाकडी खुंटी गोंदाने बसवावी आणि ती पक्की वाळल्यावर तिच्यात नवे भोक पाडावे.